अंगावरचे पित्त आणि कमी होत जाणारे ऐकणे

फेब्रुवारीचा शेवटचा दिवस जगभर दुर्मीळ आजार दिन म्हणून पाळला जातो आणि लगेच ३ मार्चला जागतिक श्रवण दिन येतो. दोन्ही दिवशी रुग्णालयांत फलक लागतात, शिबिरे होतात. दुर्मीळ आजारांची चर्चा होते ती बहुतेक लहान मुलांच्या अंगाने. श्रवणाची चर्चा होते ती नवजात बाळांच्या तपासणीची आणि वृद्धांच्या श्रवणयंत्रांची. एक रुग्ण मात्र या दोन्ही चर्चांच्या बाहेर राहतो. वय पंचवीस ते पंचेचाळीस, लहानपणापासून अंगावर पित्त उठण्याची तक्रार, अधूनमधून येणारा बारीक ताप, दुखरे सांधे आणि आता हळूहळू कमी होत चाललेले ऐकणे. या आजाराला नाव आहे. त्यामागचे जनुक २००१ पासून माहीत आहे. योग्य औषध लवकर मिळाले तर उरलेले ऐकणे बऱ्याच रुग्णांत टिकवता येते. तरीही करकंबसारख्या गावातला असा रुग्ण निदानापर्यंत पोहोचण्याची शक्यता फार कमी आहे. त्याचे कारण समजून घ्यायचे तर आधी आजार समजून घ्यावा लागतो.

भोंगा अडकतो तेव्हा

१९६२ मध्ये थॉमस मकल आणि मायकेल वेल्स या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी इंग्लंडमधील डर्बीशायरच्या एका कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध केली. या कुटुंबात पिढ्यानपिढ्या तीन गोष्टी एकत्र दिसत होत्या: अंगावर उठणारे पित्त, वाढत जाणारा बहिरेपणा आणि मूत्रपिंड निकामी करणारा अमायलॉइडोसिस. या आजाराला पुढे मकल-वेल्स सिंड्रोम असे नाव पडले. २००१ मध्ये अमेरिकेतील हॅल हॉफमन आणि सहकाऱ्यांनी त्यामागचे जनुक शोधले. आज ते एनएलआरपी३ या नावाने ओळखले जाते. याच जनुकातील बिघाडामुळे तीन आजार होतात. थंडीने ताप आणि पित्त येणारा सौम्य प्रकार, मधला मकल-वेल्स आणि जन्मापासूनच मेंदू, डोळे व सांध्यांना ग्रासणारा तीव्र प्रकार. तिघांना मिळून क्रायोपायरिन गटाचे आजार म्हणतात.

या जनुकाचे काम साखर कारखान्याच्या भोंग्यासारखे आहे. जंतू शिरला किंवा पेशींना इजा झाली की भोंगा वाजतो, इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचे रसायन बाहेर पडते आणि दाह सुरू होतो. ताप, लाली, सूज ही त्याचीच रूपे. धोका टळला की भोंगा बंद व्हायला हवा. क्रायोपायरिन आजारात तो कारण नसताना वाजतो. कधी थंड वाऱ्याने, कधी दगदगीने, कधी काहीच न घडता. अशा आजारांना स्वयंदाहक, म्हणजे ऑटोइन्फ्लमेटरी आजार म्हणतात. ही ॲलर्जी नव्हे. संधिवातासारखा स्वतःविरुद्ध प्रतिपिंडे तयार करणारा आजारही नव्हे. त्यामुळे ॲलर्जीच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही आणि संधिवाताच्या नेहमीच्या रक्तचाचण्या निगेटिव्ह येतात. ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे वाक्य अशा रुग्णाने वर्षानुवर्षे ऐकलेले असते.

कानात काय घडते

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळणे असलेला कॉक्लिआ हा अवयव असतो. त्यात प्रत्येक कानाला सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. ध्वनीच्या लहरींचे नसेला कळणाऱ्या संकेतांत रूपांतर त्या करतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. संशोधनातून असे दिसले आहे की कॉक्लिआत मॅक्रोफेज नावाच्या रक्षक पेशी असतात आणि त्यांच्यातही हाच भोंगा आहे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी एनएलआरपी३ मध्ये बदल असलेल्या दोन कुटुंबांचा अभ्यास मांडला. त्यातल्या एका कुटुंबात बहिरेपणा हाच ठळक दोष होता, अंगभर दाहाची लक्षणे जवळपास नव्हती. दुसऱ्या कुटुंबातील काही जणांचे ऐकणे इंटरल्यूकिन-१ रोखणाऱ्या औषधाने सुधारले. कानाचे नुकसान कानातल्याच दाहाने होत असावे आणि वेळीच हस्तक्षेप केल्यास ते रोखता येते, या समजाला त्यामुळे बळ मिळाले.

या आजारात ऐकणे एका रात्रीत जात नाही. प्रथम उंच पट्टीचे स्वर जातात, म्हणजे चार हजार ते आठ हजार हर्ट्झचे. तबल्याचा ठेका, मोटारीचा आवाज, दार आपटल्याचा आवाज नीट ऐकू येतो. पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ही व्यंजने पुसट होतात. ‘सात’ म्हटले तर ‘हात’ वाटते. बायकांचा आणि मुलांचा आवाज पुरुषांच्या आवाजापेक्षा अवघड जातो. शांत खोलीत संभाषण जमते, लग्नाच्या मांडवात जमत नाही. रुग्ण म्हणतो, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ घरचे म्हणतात, ‘लक्ष देत नाही.’ पुढे काही वर्षांत खालचे स्वरही जायला लागतात. उपचार न मिळालेल्या मकल-वेल्सच्या बऱ्याच रुग्णांना प्रौढ वयात बहिरेपणा येतो.

करकंबहून सोलापूरपर्यंत

करकंब हे पंढरपूर तालुक्यातले मोठे गाव. बाजार आमटीसाठी ओळखले जाणारे, पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरचे, ऊसपट्ट्यातले. या भागात हिवाळ्यात शेतीची वीज रात्री आली की माणसे थंडीत उसाला पाणी धरतात. अशा रात्रीनंतर पहाटे कोणाच्या अंगावर लाल चट्टे उठले, डोळे लाल झाले, सांधे धरले, तर त्याला ‘गारठा बाधला’ किंवा ‘पित्त उठले’ म्हणतात. बहुतेक वेळा ते खरेही असते. साधे शीतपित्त खूप जणांना होते. प्रश्न त्या हजारांतल्या एखाद्याचा आहे, ज्याच्या वडिलांनाही तेच व्हायचे आणि जे चाळिशीत ठार बहिरे झाले होते.

साधे पित्त आणि हे पित्त यांतला फरक दवाखान्यात काही प्रश्न विचारून बराचसा कळतो. साध्या पित्ताच्या गांधी खूप खाजतात, काही तासांत विरतात आणि सेट्रिझिनसारख्या गोळीने बऱ्या होतात. स्वयंदाहक आजाराचे चट्टे खाजेपेक्षा जास्त जळजळतात, बरेच तास टिकतात, गोळीला दाद देत नाहीत आणि सोबत ताप, सांधेदुखी, डोळ्यांची लाली, प्रचंड थकवा घेऊन येतात. शीतपित्तासाठी हातावर बर्फाचा खडा ठेवून जी चाचणी करतात, ती यात सहसा निगेटिव्ह येते, कारण चट्टे उठतात ते सगळे अंग गारठल्यावर, तेही तास-दोन तासांनी. सुरुवात बहुधा लहानपणी झालेली असते.

ऐकणे कमी होण्याची इतर कारणे या भागात इतकी आहेत की हे दुर्मीळ कारण त्यांच्या गर्दीत हरवते. कारखान्यातील यंत्रे, ट्रॅक्टर, मिरवणुकीतील डीजे, वाहणारा कान, मधुमेह, क्षयरोगासाठी पूर्वी दिलेली इंजेक्शने आणि वय. त्यात गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की मोठ्या आवाजाने होणारा बहिरेपणाही उंच स्वरांपासूनच सुरू होतो. म्हणजे केवळ श्रवणालेखाकडे, ऑडिओग्रामकडे पाहून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. वेगळे करते ती माहिती आलेखाबाहेरची असते: अंगावरचे चट्टे, ताप आणि घरातला इतिहास.

ही माहिती एका ठिकाणी जमत नाही, हे ग्रामीण आरोग्यव्यवस्थेचे दुखणे आहे. पित्तासाठी माणूस गावातल्या डॉक्टरकडे जातो, सांध्यांसाठी पंढरपूरला, डोळ्यांसाठी शिबिरात आणि कानासाठी थेट यंत्र विकणाऱ्या दुकानात. कोणाकडेच पूर्ण कागद नसतात. करकंबच्या ग्रामीण रुग्णालयापासून पंढरपूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि तिथून सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, असा सरकारी मार्ग आहे. पण या मार्गावर रुग्ण कानाच्या चिठ्ठीवर जातो, तेव्हा त्याच्या पित्ताविषयी कोणी विचारत नाही. पित्ताच्या चिठ्ठीवर जातो, तेव्हा ऐकण्याविषयी विचारत नाही.

आकडे छोटे, पण शून्य नाहीत

क्रायोपायरिन आजारांचे प्रमाण दहा लाखांत एक ते तीन असावे, असा पाश्चात्त्य देशांतील अंदाज आहे. तोच दर इथे लागू पडेल असे नाही. पण हिशेबापुरता तो धरला, तर २०११ च्या जनगणनेत सुमारे ४३ लाख लोकसंख्या असलेल्या सोलापूर जिल्ह्यात चार ते तेरा आणि ११.२४ कोटींच्या महाराष्ट्रात सुमारे ११० ते ३४० रुग्ण निघतात. २०२१ मध्ये देशातील अनेक केंद्रांनी एकत्र येऊन भारतातील स्वयंदाहक आजारांचे रुग्ण प्रसिद्ध केले, तेव्हा सगळे प्रकार मिळून आकडा शंभरच्या थोडा वर होता आणि त्यात क्रायोपायरिन गटाचे रुग्ण मोजकेच होते. दीडशे कोटींच्या जवळ पोहोचलेल्या देशात हा आकडा आजाराच्या दुर्मीळपणापेक्षा निदानाच्या दुर्मीळपणाविषयी अधिक सांगतो.

सरकारी योजनांची रचनाही या वयाला वगळते. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतो. २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमाने जिल्हा पातळीवर श्रवणतपासणी आणली, हे मोठे काम झाले. पण तिथे पोहोचतो तो तक्रार घेऊन आलेला रुग्ण. केंद्राच्या योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मिळणारी मदत मुलांसाठी आहे; तिशीत बहिऱ्या होणाऱ्या कमावत्या माणसाला ती लागू होत नाही.

दिव्यांगत्वाचे निकष आणखी एक अडचण उभी करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार बोलण्याच्या स्वरांमध्ये दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची हानी असेल तर व्यक्ती ‘कमी ऐकू येणारी’ आणि ७० डेसिबलची हानी असेल तर ‘कर्णबधिर’ ठरते. प्रमाणपत्रासाठी असा निकष लागणारच. पण या आजाराची सुरुवात बोलण्याच्या स्वरांच्या वर होते. सहा आणि आठ हजार हर्ट्झला आलेख कोसळलेला असतो, खालचे स्वर ठीक असतात आणि कागदावर ‘दिव्यांगत्व नाही’ असे लिहिले जाते. नेमका हाच काळ असतो, जेव्हा औषधाने वाचवण्यासारखे सर्वाधिक शिल्लक असते. प्रमाणपत्र मिळण्याइतके ऐकणे गेल्यावर वाचवण्यासारखे थोडेच उरते.

औषध आहे, रस्ता नाही

या आजारावरील उपचारांची गोष्ट आधुनिक वैद्यकातील यशस्वी गोष्टींपैकी आहे. अनाकिन्रा हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत संधिवातासाठी मंजूर झाले होते. ते इंटरल्यूकिन-१ चा मार्ग अडवते. २००३ मध्ये लंडनच्या फिलिप हॉकिन्स यांनी मकल-वेल्सच्या रुग्णांत त्याचा झटपट गुण आल्याचे कळवले. २००६ मध्ये तीव्र प्रकाराच्या १८ रुग्णांवरील अभ्यासात सर्वांचे चट्टे गेले. पुढे २००९ मध्ये कॅनाकिनुमॅब आले. ३५ रुग्णांच्या चाचणीत ते आठ आठवड्यांतून एकदा दिले तरी आजार आटोक्यात राहिला. अनाकिन्रा मात्र रोज टोचून घ्यावे लागते.

कानाबाबत अपेक्षा नेमकी ठेवायला हवी. चट्टे आणि ताप काही दिवसांत जातात, रक्तातील दाहाचे आकडे खाली येतात. ऐकणे मात्र बहुतेकांत आहे तिथे थांबते; काहींत थोडे सुधारते; मेलेल्या केसपेशी परत येत नाहीत. म्हणून उपचार कोणत्या वयात सुरू होतात, यावर पुढचे बरेच काही ठरते. पंचविशीत सुरू झाले तर माणूस फोनवर बोलू शकेल. पंचेचाळिशीत सुरू झाले तर मूत्रपिंडे वाचतील, पण कानासाठी यंत्र किंवा इम्प्लांटच उरेल. आपल्याकडे असे औषध सुरू करण्यापूर्वी क्षयरोग नाही ना, याची खात्री करणेही आवश्यक आहे.

ही औषधे तालुक्याच्या मेडिकल दुकानात मिळत नाहीत. रुग्णाच्या नावाने परवाना काढून ती परदेशातून मागवावी लागतात, आणि ती आयुष्यभर लागतात. इथे धोरणाचा प्रश्न येतो. केंद्राने मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण जाहीर केले आणि निवडक रुग्णालयांना उत्कृष्टता केंद्रे ठरवले. मुंबईचे केईएम त्यातले एक. २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढवली. एप्रिल २०२३ पासून यादीतील आजारांसाठी वैयक्तिक वापरास मागवलेल्या औषधांवरील मूळ सीमाशुल्क माफ झाले. या सगळ्यात कळीचा शब्द आहे ‘यादीतील’. २०२१ च्या यादीत गॉशे, पॉम्पे, स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी असे आजार आहेत. क्रायोपायरिन आजार त्यात नाहीत. यादीत नसलेल्या आजाराला ना पैशाची मदत, ना त्या शुल्कमाफीचा लाभ.

यादीत येण्याने काय बदलते, हे स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफीच्या अनुभवातून दिसते. त्या आजाराच्या कुटुंबांनी संघटित होऊन आवाज उठवला, न्यायालयात दाद मागितली. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय निधी उभारण्याचे निर्देश दिले. २०२५ मध्ये पेटंटच्या वादात न्यायालयाने विक्री रोखण्यास नकार दिल्यावर रिसडिप्लाम या औषधाची भारतीय आवृत्ती १५,९०० रुपयांना बाजारात आली. मूळ औषधाची बाटली सहा लाखांच्या घरात होती. अनाकिन्रा हे जिवाणूंकरवी तयार केले जाणारे, दोन दशकांहून जुने प्रथिन आहे. इन्सुलिन आणि इतर जैविक औषधे बनवणाऱ्या भारतीय कंपन्यांना हे तंत्र परके नाही. कमी आहे ती मोजता येईल अशी मागणी. निदान होत नाही म्हणून रुग्ण दिसत नाहीत, रुग्ण दिसत नाहीत म्हणून औषध येत नाही आणि औषध नाही म्हणून निदानाचा आग्रह कोणी धरत नाही. हे चक्र कुठून तरी तोडायचे तर सर्वांत स्वस्त जागा निदानाची आहे.

घरातले प्रश्न

या आजाराविषयी ग्रामीण भागात एक गैरसमज हमखास होईल, तो आधीच दूर केलेला बरा. सोलापूर भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे आणि आनुवंशिक आजार म्हटला की बोट तिकडे जाते. क्रायोपायरिन आजार नात्यातल्या लग्नामुळे होत नाही. तो प्रभावी पद्धतीने पुढे जातो, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडून बदललेले जनुक आले तरी पुरते आणि प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता पन्नास टक्के असते. काही रुग्णांत तो बदल नव्यानेच झालेला असतो, घरात आधी कोणालाच आजार नसतो. क्वचित तो शरीराच्या काही पेशींतच असतो. अशा वेळी आजार मोठेपणी सुरू होऊ शकतो आणि साधी जनुकीय चाचणी निगेटिव्ह येऊ शकते.

मुलीच्या लग्नाच्या काळजीने घरे असे आजार लपवतात, हेही खरे. लपवण्याची किंमत त्या मुलीच्याच कानांना मोजावी लागते. वडील बहिरे, आत्या बहिरी आणि आपल्याही अंगावर पित्त उठते, हे तिने डॉक्टरांना सांगितले तर तिचा आलेख विशीतच काढला जाईल आणि त्या वेळी वाचवण्यासारखे पुष्कळ असेल.

काय करता येईल

यासाठी नवी इमारत किंवा महागडे यंत्र लागत नाही. ग्रामीण रुग्णालयात वारंवार पित्त उठण्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला तीन प्रश्न विचारता येतात: सोबत ताप किंवा सांधेदुखी असते का, ऐकू कमी येते का आणि घरात आणखी कोणाला असे आहे का. तिन्हींची उत्तरे ‘हो’ असतील, तर चट्टे उठलेले असतानाच ईएसआर आणि सीआरपी या रक्तचाचण्या कराव्यात. दाहाचे आकडे वाढलेले असतील तर संशय बळावतो. लघवीत प्रथिन जाते का, हे पट्टीने तपासावे, कारण मूत्रपिंडांवरील अमायलॉइडोसिसची ती पहिली खूण असू शकते. श्रवणतपासणी आठ हजार हर्ट्झपर्यंत करून घ्यावी आणि आलेखाची प्रत रुग्णाकडे द्यावी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या आलेखाशी तुलना होईल. चट्ट्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो इथे फार उपयोगी पडतात, कारण रुग्ण तज्ज्ञांपर्यंत पोहोचेपर्यंत चट्टे गेलेले असतात. त्यानंतर संधिवाततज्ज्ञ किंवा प्रतिकारशक्तीच्या आजारांचे तज्ज्ञ आणि जनुकीय चाचणी.

शासनाच्या पातळीवर दोन गोष्टी हव्यात. जिल्हा रुग्णालयाच्या श्रवणतपासणीच्या अर्जात पित्त, ताप आणि कौटुंबिक बहिरेपणा यांची एक ओळ असावी. आणि उपचाराने थांबवता येणाऱ्या स्वयंदाहक आजारांचा दुर्मीळ आजारांच्या यादीत समावेश करण्याचा प्रस्ताव राज्याने केंद्राकडे रुग्णांच्या नोंदींसह पाठवावा. नोंदी जिल्ह्यांतूनच येतील. सोलापूरसारख्या जिल्ह्यातून चार नावे आली, तरी ती आज कागदावर असलेल्या संख्येपेक्षा जास्त असतील.

तोवर वाचकांच्या हातात एक साधे काम आहे. घरात कोणाला वर्षानुवर्षे पित्त उठत असेल, गोळ्यांनी जात नसेल आणि आता टीव्हीचा आवाज वाढवावा लागत असेल, तर या दोन तक्रारी दोन वेगळ्या डॉक्टरांकडे न नेता एकाच डॉक्टरला, एकाच भेटीत सांगाव्यात.